पहिली बंदूक खांद्याला बसणारी घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही आठवडे आपल्या पत्रांच्या सदरात रानडुकरांच्या आणि माकडांच्या उपद्रवावर बरेच छापून येत आहे. शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना द्या म्हणणारी पत्रे आली, बंदूक हा उपाय नव्हे म्हणणारीही आली. पण परवाना मिळाल्यावर दुकानात जाऊन नेमके घ्यायचे काय, यावर कोणी एक ओळ लिहिलेली नाही. मी त्या वाटेने नुकतीच चालून आले आहे. आता आमच्या भागातले तिघे-चौघे माझ्याकडे विचारायला येतात, म्हणून हे पत्र.

आमचे कुळागर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादईच्या खोऱ्यात. खाली पोफळी, त्यांना सोडलेल्या मिरवेली, मधून केळी, कडेने माड आणि वर चढावर काजू. यजमान जाऊन तीन वर्षे झाली. त्यांच्याकडे सासऱ्यांच्या हातची दुनळी होती, पोर्तुगीज अमदानीत घेतलेली. यजमान गेल्यावर नियमाप्रमाणे ती जमा केली आणि माझ्या नावाने परवान्याचा अर्ज केला. परवाना आला तोवर एक अख्खा पावसाळा गेला होता. बंदूक परत मिळाली ती गोणपाटात गुंडाळलेली. गोणपाट सोडले तर बोटांना लाल गंज लागला. सासरे दर रविवारी ओट्यावर बसून ती पुसायचे, ते डोळ्यांपुढे आले आणि मला तिथेच रडू कोसळले.

परवानाधारक मिस्त्रींना दाखवली. त्यांनी नळ्या काढून उजेडाकडे धरल्या आणि मलाही आत बघायला लावले. आतून देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते. नळीवर बाहेरून पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती. ती मला शोभेची वाटायची. मिस्त्री म्हणाले, ही दमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, काळ्या दारूच्या काळातली. आजच्या काडतुसाचा जोर तिने सोसायचा नाही. शिवाय काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरचे, आणि आज दुकानात बहुतेक काडतूस मिळते ७० मिलिमीटरचे. लांब काडतूस आखूड घरात जाते, बसते, काही वेगळे वाटत नाही. पण उडाल्यावर त्याचे तोंड पुढे उलगडायला जागा नसते आणि दाब भलताच चढतो. "आता हिला काडतूस दाखवू नका," एवढेच ते म्हणाले. घरात वडिलार्जित बंदूक असलेल्या प्रत्येकाने हे एक तरी तपासून घ्यावे. बसते म्हणजे चालते, असे नाही.

अशा रीतीने वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी पहिली बंदूक घ्यायला निघाले. हाताशी चाळीस हजार होते, काजूच्या हंगामातून बाजूला ठेवलेले.

कायद्याचे थोडक्यात सांगते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची, निदान वीस इंच नळी असलेली बंदूक आणि पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांचा वेगळा उल्लेख आहे. वय एकवीस पूर्ण हवे. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा झाला आहे. कोणती बंदूक आणि किती काडतुसे, ते परवान्यावर लिहिलेले असते. परवाना फक्त गोव्यापुरता की बाहेरही चालतो, तेही असते. बेळगावला स्वस्त मिळेल म्हणून गाडी काढण्याआधी तेवढी ओळ वाचावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण तिच्यावरच सगळा गोंधळ आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचे नुकसान होते म्हणून त्याला मारायचे तर वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. गवा पहिल्या अनुसूचीत, त्याच्याकडे नळी वळवण्याचा विचारही करू नये. मी बार काढते तो आवाजासाठी, आणि तोही वरच्या बांधाच्या मातीत, कधीही हवेत नाही. सुरण आणि करांदे उकरायला आलेला कळप आवाजाने पांगतो. दोन-चार रात्री येत नाही, मग पुन्हा येतो. तेवढ्या रात्री पीक वाचते.

या कामाला बंदूक कशी हवी, हे ठरवायला मला चार महिने लागले.

पहिला सल्ला ठासणीच्या बंदुकीचा आला. ती स्वस्त, आणि आमच्या भागात जुन्या लोकांच्या सवयीची. मी ती घेतली नाही. काळी दारू ओल धरते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात. पण खरे कारण ते नव्हे. एकदा ठासली की ती रिकामी करायला बार काढावा लागतो, नाही तर दारू-छर्रे पुढच्या तोंडातून उपसून काढावे लागतात. रात्री अकराला ठासली, डुक्कर आलेच नाही, तर पहाटे माणूस काय करतो? भरलेलीच कोपऱ्यात उभी करून झोपतो. शेजारच्या वाड्यावरच्या एकाची दोन बोटे अशाच, दोनदा ठासल्या गेलेल्या बंदुकीने नेली. आधीचा बार आत आहे हे तो विसरला होता. ज्यांच्या तीन पिढ्या ठासणीच्या बंदुकीवर गेल्या, त्यांना मी शिकवणार नाही. पण पहिलीच बंदूक घेणाऱ्याने ती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा सल्ला माझ्या पुतण्याचा. त्याला पंप ॲक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक हवी होती, काळीकुळकुळीत, पाच काडतुसे खाणारी. दिसायला ती रुबाबदार असते, हे मी मानते. पण तिची काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक भरलेली असतात, बाहेरून दिसत नाहीत. एक बाहेर काढले तरी दुसरे आत आहे की नाही, हे ज्याला सवय आहे त्यालाच कळते. बिजागरीवर मधोमध मोडून उघडणारी बंदूक मोडली की नळ्यांतून आरपार उजेड दिसतो. ती रिकामी आहे हे मला दिसते, शेजारणीला दिसते, दारात आलेल्या पोराला दिसते. नवख्या माणसाला याहून मोठी सोय नाही. डुकरांना पळवायला पाच बार लागतही नाहीत.

राहिल्या अशा मोडणाऱ्या एकनळी आणि दुनळी. नवी एकनळी माझ्या पैशात सहज बसत होती. मुंगेरच्या आणि जम्मूच्या कारखान्यांतल्या बंदुका दुकानात होत्या, सरकारी आयुध निर्माणीची दुनळीही होती. बाहेरदेशची नवी बंदूक सामान्य माणसाला आयात करता येत नाही. त्यामुळे जुन्या इंग्रजी, बेल्जियन, स्पॅनिश बंदुकांना त्यांच्या गुणापेक्षा नावाची किंमत जास्त येते. अशा नावासाठी पैसे मोजू नयेत. कोणी बेल्जियन म्हणून विकायला आणली तर नळ्यांच्या बुडाशी लंबगोलात ईएलजी अशी अक्षरे कोरलेली आहेत का, बघावे. लिएजच्या चाचणीघराचा तो छाप. आमच्या जुन्या बंदुकीवर तो होता. पण छाप असला म्हणून नळी आज शाबूत आहे, असे होत नाही.

एकनळी हातात घेतली तर फुलासारखी हलकी. मला वाटले, बाईमाणसाला हीच बरी. मिस्त्रींनी तिथेच समजावले की बंदूक जितकी हलकी तितका तिचा धक्का जास्त. काडतूस तेच, आत तेवढेच तीसेक ग्रॅम छर्रे, मग जोर जाणार कुठे? खांद्यातच. तीन-सव्वातीन किलोची दुनळी उचलताना जड लागते, पण बार काढताना तीच खांदा सांभाळते. पुढे सरावाच्या जागी दोन्ही उडवून पाहिल्या, आणि एकनळीचा काळानिळा डाग आठवडाभर खांद्यावर होता.

आता या पत्रातली मुख्य गोष्ट. यजमानांचे एक मामा शिकारीच्या जुन्या दिवसांतले, आता नव्वदीला टेकलेले. मी त्यांना बंदुकांचे फोटो दाखवायला गेले तर त्यांनी फोन बाजूला सारला आणि म्हणाले, "बाये, बंदूक खांद्याक लागूंक जाय, दोळ्यांक न्हय." म्हणजे, बंदूक खांद्याला बसली पाहिजे, डोळ्यांना नव्हे. मग भिंतीशी टेकवलेली काठी माझ्या हातात देऊन डोळे मिटायला सांगितले. काठी खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. काठीचे टोक डोळ्यासमोर सरळ असायला हवे, मान वाकडी करून शोधावे लागता कामा नये. बंदूकही अशीच निवडायची.

यजमान पावणेसहा फूट उंच, मी पाच फुटांना एक इंच कमी. त्यांच्या बंदुकीचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत साडेचौदा इंच भरतो. मला लागतो सव्वातेरा. एवढ्या फरकाने दस्ता काखेत अडकतो, मग घाईत तो दंडावर लागतो आणि बार निघाला की दंड सुजतो. दुकानातल्या जवळजवळ सगळ्या बंदुका उंच पुरुषांच्या मापाच्या. म्हणून बायकांनी, आणि ठेंगण्या पुरुषांनीही, मेजटेप घेऊनच जावे. दस्ता लांब असेल तर परवानाधारक मिस्त्री तो कापून बसता करून देतात, काम लाकडाचे आणि खर्च थोडा. नळी मात्र कोणी "थोडी आखूड करून देतो" म्हणाला तर तिथून उठावे. परवानगीशिवाय नळी कापणे हा गुन्हा आहे.

डोळ्याचेही बघावे. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या खिडकीतून दूरच्या माडाचा शेंडा धरायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला शेंडा जागच्या जागी दिसतो तो जोरकस. माझा डावा निघाला आणि मी सगळे उजव्या हाताने करणारी. पहिले सहा बार ठरल्या जागेच्या डावीकडे का गेले, ते तेव्हा कळले. आता नेम धरताना डावा डोळा मिटते.

शेवटी घेतली ती देशी बनावटीची, बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप), जुनी दुनळी. बाहेर घोडे न दिसणारी, दोन चापांची, २८ इंच नळ्यांची. बावीस हजारांना. विकणारे गृहस्थ वयामुळे परवाना सोडत होते. त्यांनी कोणाला विकतोय ते नाव-पत्त्यासह लेखी कळवले, आणि कळवल्यापासून पंचेचाळीस दिवस झाल्यावरच बंदूक माझ्या ताब्यात आली. कायदाच तसा आहे. कोणी "आज पैसे द्या, आज घेऊन जा, कागद मागाहून" म्हणत असेल तर तो तुम्हाला तुरुंगाची वाट दाखवतो आहे.

जुनी बंदूक कशी पारखायची, ते मिस्त्रींनी माझ्याकडून करून घेतले. आधी ती मोडून रिकामी आहे ते बघायचे, दर वेळी, कोणीही हातात दिली तरी. मग बंद करून, पुढचे लाकूड काढून, दस्त्याला धरून हलवायचे. सांध्यात खटखट लागली तर बिजागरी झिजली. बंद असताना नळ्यांचे मागचे तोंड आणि त्याला भिडणारे पोलाद यांच्यामधून उजेड दिसता कामा नये. नळ्या सुट्या करून खिडकीकडे धरायच्या. आत उजेडाची वर्तुळे एकात एक नीट गोल दिसायला हवीत. एखादे वर्तुळ चेपलेले दिसले तर तिथे नळीला पोचा आहे, आणि एखादी गडद कडी दिसली तर तिथे नळी कधीतरी फुगली आहे. नळ्या बोटावर टांगून टिचकी मारायची. देवळातल्या घंटेसारखा लांबणारा नाद आला तर दोन नळ्यांमधला झाळ शाबूत. भदभद आवाज आला तर तो सुटलाय. मी एक बंदूक फक्त या आवाजावर परत केली. दस्त्याला सुंदर अक्रोडाचे लाकूड होते, मन फार झाले होते. शेवटी सेफ्टी आणि चाप, डमी काडतूस घालून. सेफ्टी लावलेली असताना चाप ओढून आतला घोडा पडला तर पुढे बोलणेच नको.

काडतुसे उडून बाहेर पडायची सोय असलेली बंदूक महाग. ती घेऊ नये, आम्हाला बोटांनी काढायला वेळ असतो. सोळा बोअरची स्वस्त मिळेल, तीही घेऊ नये. आमच्या शेजाऱ्यांची काडतुसाअभावी कपाटात पडून आहे. बारा बोअरची काडतुसे आपल्याच खडकीच्या कारखान्यात होतात आणि मिळतात.

नळीच्या पुढच्या तोंडाला किंचित आवळ असते, तिला चोक म्हणतात. दुनळीत बहुधा एक नळी जास्त आवळलेली असते. पूर्ण चोकची नळी चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात सत्तर टक्क्यांच्या आसपास छर्रे टाकते. बिनचोकची चाळीस. दोन चापांचा उपयोग तो, जवळ एक आणि लांब दुसरा. हे कागदावर स्वतः मारून पाहावे. माझ्या बंदुकीची डावी नळी थोडी वर मारते, ते कागदानेच सांगितले.

काडतुसाच्या नंबरात मात्र चुकू नये. ज्याला फक्त आवाज हवा त्याने आठ किंवा सहा नंबरचे बारीक छर्रे घ्यावेत. ते दोनशे-अडीचशे मीटरांत दम सोडतात. एलजीचा टपोरा छर्रा पाचशे मीटरांच्याही पुढे जातो. आमच्या कुळागराच्या पलीकडच्या चढावर चार घरे आहेत, पहाटे काजू वेचायला बायका असतात. सत्तरीत रानात आवाज ऐकून, हालचाल बघून बार काढला आणि पुढे माणूस निघाला, असे घडलेले आहे. म्हणून माझ्या घरात एलजी येणारच नाही.

चाळीस हजारांतले बावीस बंदुकीत गेले. दस्ता कापून घेतला, रबराची गादी बसवली. भिंतीत बोल्ट मारून लोखंडी कपाट केले आणि काडतुसांना वेगळी कुलपाची पेटी. दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या, दोन्ही माझ्याकडे. उरलेले सरावाच्या काडतुसांना गेले. सगळे पैसे बंदुकीत घालून तिला खाटेखाली ठेवणारे मी पाहिले आहेत. ज्याच्याकडे कपाटाला पैसे नाहीत, त्याच्याकडे बंदुकीला पैसे नाहीत, असे समजून अजून एक काजूचा हंगाम थांबावे.

पावसाळ्यात कापडी किंवा चामड्याच्या पिशवीत बंदूक ठेवू नका. पिशवी ओल धरते आणि गंज आतल्या आत चढतो. मी दर चार दिवसांनी पुसते. शिवणयंत्राचे पातळ तेल, अगदी थोडे. खोबरेल कधीच नाही, ते चिकट होऊन सेफ्टी अडकवते.

आता प्रशासनाकडे मागणी, दोन गोष्टींची. परवान्यासाठी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते, ते योग्यच आहे. पण मी जिथे घेतले तिथे दिवसभर फळ्यावर शिकवले आणि बंदूक प्रत्यक्ष हातात आली ती अर्धा तास. वाळपई, सांगे, काणकोण यांसारख्या तालुक्यांच्या ठिकाणी वर्षातून दोनदा तरी मातीच्या मोठ्या बांधापुढे, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली सराव व्हावा. वेगवेगळ्या मापाच्या तीन-चार बंदुका तिथे असाव्यात आणि नव्या परवानाधारकाला त्या विकत घेण्यापूर्वी खांद्याला लावून, उडवून पाहता याव्यात. तिथेच एका मिस्त्रीने लोकांच्या घरच्या जुन्या बंदुकांच्या नळ्या आणि काडतुसांची घरे तपासून द्यावीत. यात नव्या कायद्याची गरज नाही.

दुसरी, जमा केलेल्या बंदुकांची. कोणी वारले की, निवडणूक आली की, बंदुका जमा होतात. निवडणुकीच्या वेळी कोणाची जमा करायची ते छाननी समितीने बघायचे असते, सरसकट सगळ्यांची नव्हे. पण ज्या जमा होतील त्या कोरड्या जागी, गोणपाटाविना, तेलाचा हात फिरवून ठेवाव्यात. मालकाला महिन्यातून एकदा तिथे बसून पुसायला मुभा द्यावी. मी स्वतः गेले असते, बसने, दर महिन्याला. सासऱ्यांची बंदूक तशीही आजच्या काडतुसाला चालली नसती, हे मला आता कळते. पण ती त्यांनी ठेवली तशी राहिली असती.

आपली,
एक बागायतदार, सत्तरी

(माझे नाव आणि पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे. घरात बंदूक आहे आणि मी एकटी राहते, या दोन गोष्टी एकत्र छापून येऊ नयेत, म्हणून कृपया तो प्रसिद्ध करू नये.)